ओहोटीच्या वाळूवर कुरडयांसारख्या गुंडाळ्या आणि शेजारी पांढरे डाग: हे नक्की काय असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरमध्ये नेदरलँड्सच्या उत्तर किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी फिरायला गेलात, मैलभर पसरलेल्या ओल्या वाळूवर जिकडे तिकडे मातीच्या गुंडाळ्या होत्या आणि काही गुंडाळ्यांजवळ दूध सांडल्यासारखे पांढरे डाग होते. मुलं अनवाणी चालली. ते सांडपाणी होतं का, काळजी करायची का?

काळजी करू नका. गुंडाळी म्हणजे एका किड्याची विष्ठा आणि पांढरा डाग म्हणजे त्याच किड्याचं वीर्य. मुलांना हे कितपत सांगायचं ते तुम्ही ठरवा.

मी नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या ग्रोनिंगनला राहते. पहिल्या वर्षी हे डाग बघून मलाही कुठल्यातरी जहाजातून काही गळलं असावं असंच वाटलं होतं, आणि मी कॉलेजात तीन वर्षं प्राणिशास्त्र शिकले आहे. पॉलिकीट, म्हणजे गांडुळाच्या नात्यातले समुद्री किडे, म्हटलं की आम्हाला त्यातला नेरीस पाठ करायला लावायचे, पायांच्या जोड्या मोजून आकृती काढायची आणि दहा मार्क घ्यायचे. जिवंत किडा वाळूत काय उद्योग करतो हे कुणी विचारलंही नाही, सांगितलंही नाही.

हा किडा अरेनिकोला मरीना. डच लोक याला वाडपिअर म्हणतात, जर्मन लोक वाटवुर्म. आपल्या गांडुळाचा समुद्रातला नातेवाईक, पण अंगाने चांगला जाडजूड, वीतभर लांब. याचं बीळ इंग्रजी यू अक्षरासारखं असतं, 20 ते 40 सेंटिमीटर खोल. एका टोकाला गुंडाळी, दुसऱ्या टोकाला, वीतभर अंतरावर, बशीसारखा उथळ खळगा. पुढच्या वेळी गुंडाळी दिसली की आसपास खळगा शोधा, बहुतेकदा सापडतो. खळग्याखाली किड्याचं तोंड असतं, गुंडाळीखाली शेपूट. तो तळाशी आडवा पडून वाळू गिळतो, गिळलेल्या जागी वरची वाळू घसरत खाली येते आणि पृष्ठभागावर खळगा पडतो. म्हणजे याचं जेवण वरून आपोआप ताटात पडत राहतं. वाळूच्या कणांवरचे जिवाणू, शेवाळाचे सूक्ष्म कण, कुजका पाला एवढंच तो पचवतो, बाकी सगळी वाळू मागून बाहेर.

बाहेर टाकायची पद्धत बघण्यासारखी आहे. आमच्या वाटाड्याने एकदा सगळ्यांना गप्प उभं केलं. इथे ओहोटीत चिखल तुडवत बेटांपर्यंत चालत जायची रीत आहे, वाडलोपेन म्हणतात, आणि ते माहितगार माणसाबरोबरच करायचं असतं, कारण भरती कुणासाठी थांबत नाही. तर आम्ही एका गुंडाळीकडे बघत उभे. पाचेक मिनिटं काही नाही. मग गुंडाळीच्या बुडाशी वाळू जराशी हलली आणि सोऱ्यातून कुरडई पाडावी तशी ओली काळपट दोरी वर आली, वेटोळी घेत आधीच्या ढिगावर बसली. सगळं दोन-तीन सेकंदांत. साधारण अर्ध्या-पाऊण तासाने प्रत्येक किडा असा उलटा सरकत वर येतो. एक किडा वर्षाला सुमारे 25 किलो वाळू उपसतो असं इथे सांगतात. चौरस मीटरला वीस-तीस किडे सहज असतात, तेव्हा गुणाकार तुम्हीच करा.

शेपूट वर आणायची ती वेळ धोक्याची. भरती असेल तर आपल्या लेपीसारखे चपटे मासे टपलेले असतात, ओहोटी असेल तर लांब चोचीचे कर्ल्यू आणि गॉडविट. पण किड्याची तोड तयार आहे: शेपटीचं टोक तुटून शत्रूच्या तोंडात राहतं आणि बाकीचा खाली पळतो. पालीसारखंच, फक्त पालीला नवं शेपूट फुटतं, याला गेलेली वलयं परत येत नाहीत. उरलेली वलयं ताणून लांब होतात. म्हाताऱ्या किड्याची शेपूट आखूड असते ती अशी कुरतडली गेल्यामुळे.

आता हवा. या वाळूत दोन-तीन सेंटिमीटर खाली बोट खुपसलंत तर काळं निघतं आणि सडक्या अंड्याचा वास येतो. तिथे प्राणवायू नसतो, सल्फाइड असतं, आणि किडा तर त्याच्याही खाली. म्हणून तो अंगाच्या लाटा करून शेपटीकडून ताजं पाणी ओढतो, तेरा जोड्या लालभडक झुपकेदार कल्ल्यांवरून नेतो आणि तोंडासमोरच्या वाळूतून वर ढकलतो. त्याने गिळायची वाळूही सैल होते. ओहोटीत पाणी आटलं की ही पंपाची सोय बंद, मग रक्तातल्या साठ्यावर काढायचं आणि तोही संपला की प्राणवायूशिवाय. त्याचं हिमोग्लोबिन पेशीत कोंडलेलं नसतं, रक्तात मोकळं तरंगतं आणि आकाराने अवाढव्य असतं: आपल्या एका रेणूला प्राणवायूचे चार रेणू चिकटतात, त्याच्या एकाला 156. फ्रान्समधल्या ब्रिटनीत हेमारिना नावाची कंपनी यापासून प्रत्यारोपणाचे अवयव टिकवण्याचं द्रव्य बनवते. हे जाता जाता, कारण मला ते भारी वाटतं.

वाटाड्याने काट्याने खणून एक किडा काढला तेव्हा बिळाच्या भिंतीभोवती काळ्या वाळूत पिवळट तांबूस कड दिसत होती, लोखंड गंजल्यासारखी. किड्याने आणलेल्या पाण्याने तिथली वाळू खरोखरच गंजली होती. माझ्या तळहातावर किडा ठेवला. गार, पुढून जाड आणि खरखरीत, मागून बारीक, मधोमध कल्ल्यांचे लाल तुरे उघडझाप करत होते. बोटांना पिवळट रंग लागला तो संध्याकाळपर्यंत राहिला.

आता तुमचे पांढरे डाग. खरी गंमत तिथेच आहे.

अडचण अशी की नर आणि मादी वेगवेगळे असतात, प्रत्येक जण आपापल्या बिळात, आणि बीळ सोडून कुणी कुणाकडे जात नाही. अख्ख्या आयुष्यात, म्हणजे पाच-सहा वर्षांत, नर-मादीची भेट होत नाही. नेरीसच्या जातीतले कित्येक किडे वीण आली की अंगाचं रूप पालटून पाण्यात वर येतात, तिथे झुंडीने नाचतात आणि मरतात. हा मात्र घर सोडत नाही आणि मरतही नाही, पुढल्या वर्षी पुन्हा तेच करतो. मग बीज पोचवायचं कसं? भरतीच्या हाती.

नर ओहोटीत आपलं वीर्य बिळाच्या शेपटीकडच्या तोंडातून वाळूवर सोडतो. तो डाग. तासाभराने भरतीचं पाणी येतं, डाग धुतला जातो आणि पातळ होऊन आजूबाजूच्या शेकडो बिळांवर पसरतो. मादी नेहमीप्रमाणे श्वासासाठी पाणी ओढते, त्याच पाण्यातून शुक्रजंतू तिच्या बिळात येतात. त्या पाण्यात जी रसायनं असतात त्यांनी मादीलाही इशारा मिळतो, ती अंडी बिळातच सोडते आणि तिथेच ती फळतात. ज्या पंपावर ती रोज जगते त्याच पंपावर लग्न लागतं.

हे जमायचं तर तारीख चुकून चालत नाही. एकट्या नराने एका दिवशी सोडलं आणि शेजारणींची अंडी आठवड्याने पिकली तर सगळं फुकट. म्हणून एका किनाऱ्यावरचे बहुतेक सगळे किडे वर्षातल्या त्याच मोजक्या दिवसांत वितात, शरद ऋतूत, समुद्र थंड व्हायला लागला की. शेजारच्या किनाऱ्याची तारीख वेगळी असू शकते, पण एका पुळणीवर सगळ्यांचा मुहूर्त एकच. स्कॉटलंडच्या सेंट अँड्रूजच्या किनाऱ्यावर हे बारकाईने पाहिलं गेलंय: तिथे उधाणाचे दिवस, वारा पडलेला, पाऊस नाही, हवेचा दाब चढा, असं असलं की वीण होते. दुसरीकडे भांगाच्या दिवसांतही झालेली नोंद आहे, म्हणजे चंद्राचा नियम सगळीकडे सारखा नाही. शांत हवेचं कारण मात्र सरळ आहे. जोराची सर आली किंवा लाटा उसळत असल्या तर डाग शेजारणीपर्यंत पोचण्याआधीच समुद्रात हरवेल.

तुम्ही गेलात तो दिवस निवांत, उन्हाचा होता का? मला तशी दाट शंका आहे. दोन दिवस आधी-मागे गेला असतात तर नुसत्या कुरडया दिसल्या असत्या. मी सहा वर्षं इथे आहे आणि ते डाग दोनदाच पाहिलेत.

आतला कारखानाही ऐकण्यासारखा आहे. नराच्या शरीरपोकळीत शुक्रजंतू आधी जुड्या बांधलेले असतात, एकमेकांना डोक्याने चिकटलेले आणि निपचित. दिवस आला की नराच्या डोक्यातून एक रसायन सुटतं, जुड्या सुटतात आणि जंतू हलायला लागतात. 1990 च्या सुमारास ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ते रसायन ओळखलं तेव्हा ते प्रथिन वगैरे न निघता एक स्निग्धाम्ल निघालं, 8,11,14-आयकोसाट्रायनोइक आम्ल. हार्मोन म्हणून असलं साधं चरबीतलं आम्ल निघेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती.

पुढे पिल्लांचं काय? एका मादीची अंडी लाखांच्या घरात, प्रत्येक अंडं मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढं. पहिले काही दिवस अळ्या आईच्या बिळातच वाढतात, मग बाहेर पडून तळालगत पाण्याबरोबर लोटत जातात. हिवाळा त्या ओहोटीतही न उघड्या पडणाऱ्या भागात काढतात: शिंपल्यांच्या चुऱ्यात, समुद्री शेवाळाला, शिंपल्यांच्या वसाहतींना धरून, स्वतःभोवती चिकट नळी करून. मोठ्यांच्या वस्तीत लगेच शिरून भागत नाही, कारण जिथे वीस-तीस दांडगे किडे सतत वाळू उलथीपालथी करतायत तिथे दोन मिलिमीटरचं पोर गाडलं जाणार. म्हणून वसंतात ती थेट वर, भरतीरेषेजवळ, समुद्र अडवणाऱ्या बांधाच्या कडेला येऊन वसतात आणि जरा मोठी झाली की खाली सरकतात. एकाच प्राण्याची घरं तीन: खोल पाणी, वरची कड, मधलं मैदान.

एक सावधगिरीची गोष्ट. पांढरा पातळ डाग वेगळा आणि वाळूवर दोराने बांधल्यासारखी डुलणारी जेलीची छोटी पिशवी वेगळी. ती वसंतात दिसते आणि ती स्कोलोप्लोस आर्मिगर नावाच्या बारीक लाल किड्याची अंड्यांची पिशवी असते. यानेही घोळ घातलाय: ओहोटीत उघड्या पडणाऱ्या वाळूतला स्कोलोप्लोस पिशव्या घालतो, खोल पाण्यातला घालत नाही, त्याच्या अळ्या पाण्यात तरंगतात. दिसायला दोघे सारखे, नाव एक. आता संशोधक म्हणतात की या मुळात दोन वेगळ्या जाती असाव्यात.

आणखी एक, कारण खाली कुणीतरी विचारणारच: हरिहरेश्वरला किंवा तारकर्लीला वाळूच्या बारीक गोळ्यांची जी नक्षी दिसते ती हीच का? नाही. ती चिमुकल्या खेकड्यांची. ते वाळू तोंडात घालून चाटतात आणि उरलेली गोळी करून टाकतात. गोळी असेल तर खेकडा, दोरीची गुंडाळी असेल तर किडा. कोकणातही गुंडाळ्या घालणारे किडे आहेत, पण त्यांची वीण ऑक्टोबरच्या थंडीवर ठरत नाही, तेव्हा वरचं सगळं तिकडे जसंच्या तसं लावू नका.

तुम्ही शेवटी विचारलंत की एवढ्या किड्यांचा उपयोग काय. 'उपयोग' या शब्दाशी माझं पटत नाही, पण याचं उत्तर प्रयोगाने दिलेलं आहे. जर्मनीच्या सिल्ट बेटाजवळ संशोधकांनी 400 चौरस मीटरच्या तुकड्यांखाली, 10 सेंटिमीटर खोलीवर, बारीक जाळी पुरली. जाळीमुळे किड्यांना बीळ राखता येईना, ते निघून गेले. काही काळातच त्या तुकड्यांत बारीक गाळ साचायला लागला, वाळूतून पाणी झिरपणं कमी झालं, आत सल्फाइड वाढलं. शेजारचे, किडे असलेले तुकडे वाळूचेच राहिले. म्हणजे तुमची मुलं घोट्याएवढ्या चिखलात न रुतता ज्या घट्ट वाळूवर अनवाणी पळाली, ती तशी ठेवण्यात या किड्यांचा मोठा हात आहे.

पुन्हा जाणार असाल तर यंदा मे-जूनमध्ये जा आणि लांब न चालता बांधाच्या पायथ्याशीच खाली वाकून बघा. तिथे कुरडया नसतील, शेवयांपेक्षा बारीक धाग्यांच्या नखाएवढ्या गुंडाळ्या असतील, शेकड्यांनी. ती मागल्या ऑक्टोबरातल्या त्या पांढऱ्या डागांची पोरं.