दात्याचे यकृत ‘सुधारतात’ की ‘जपतात’?

ठाण्यातील एका वाचकांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठीच्या माहितीपत्रकातील एक वाक्य पाठवले आहे : ‘परफ्यूजन यंत्राने दाता यकृत सुधारले जाते.’ येथे ‘सुधारणे’ चालेल का आणि ‘परफ्यूजन’ला ‘रक्ताभिसरण’ म्हणावे का, असे त्यांनी विचारले आहे. (परफ्यूजन यंत्र म्हणजे दात्याच्या शरीरातून काढलेल्या यकृतातून रोपणापर्यंत द्रव वाहता ठेवणारे यंत्र.)

व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात दोष नाही, पण ते दिशाभूल करते. मराठीत सुधारते ते आधी बिघडलेले असते, मग ती तब्येत असो वा हस्ताक्षर. त्यामुळे आपल्या माणसाला खराब यकृत बसवणार आहेत की काय, अशी शंका नातेवाइकांना येणे स्वाभाविक आहे. वास्तविक बरीचशी इजा रक्तपुरवठा थांबल्यावर सुरू होते, आणि प्राणवायूवाचून राहिलेल्या पेशींत रक्त पुन्हा शिरताना ती आणखी वाढते. दात्याचे यकृत नवी मुंबईहून ठाण्याला आणायचे असेल तर अंतर फार नसते, तरी रुग्णाचे जुने यकृत काढून नव्याच्या रक्तवाहिन्या जोडेपर्यंत काही तास जातातच. यंत्राचे मुख्य काम ही इजा कमी राखण्याचे आहे. म्हणून मी ‘जपणे’ सुचवेन. बर्फाच्या पेटीत सुमारे ४ अंश सेल्सिअसला ठेवण्यास ‘जतन’ हा रूढ शब्द पुरेसा आहे.

‘रक्ताभिसरण’ मात्र घेऊ नये. परफ्यूजनच्या ३७ अंशांच्या, म्हणजे शरीराइतक्या उबदार पद्धतीत यंत्रातून प्राणवायुयुक्त रक्त वाहते, यकृत पित्त तयार करू लागते, रक्तातील लॅक्टेट (प्राणवायू कमी पडल्यावर पेशींत तयार होणारा पदार्थ) उतरते आणि शल्यचिकित्सकांना रोपणापूर्वीच त्याची पारख करता येते. परंतु सुमारे १० अंशांच्या थंड पद्धतीत बहुधा रक्त नसतेच, केवळ प्राणवायू मिसळलेला द्रव असतो. आपण हवा खेळती ठेवतो, शेतात पाणी खेळवतो, तसे ‘रक्तवाहिन्यांतून द्रव खेळता ठेवणे’ असे एकदा समजावून पुढे खुशाल ‘परफ्यूजन’ लिहावे. त्यासाठी संस्कृत शब्द घडवता येईल, पण तो प्रतीक्षागृहात कोणाच्याही तोंडी बसणार नाही.

‘रिपरफ्यूजन’साठी ‘रक्तप्रवाह पुन्हा सुरू करणे’ पुरे. शस्त्रक्रियेतील हा नाजूक क्षण असतो : जतनासाठी वापरलेल्या काही द्रावणांत पोटॅशियम इतके असते की, ते एकदम हृदयाकडे गेल्यास ठोके बिघडू शकतात, म्हणून शिरांवरील चिमटे सोडण्यापूर्वी यकृत आतून धुऊन घेतात. पुढे पित्तनलिकेतून सोनेरी-तपकिरी पित्त ठिबकू लागले, की यकृत कामाला लागल्याची ती चांगली खूण मानतात.

‘दाता यकृत’ही खटकते, कारण दाता माणूस असतो, अवयव नव्हे. एकूण वाक्य असे करावे : ‘दात्याच्या यकृताला रोपणापूर्वी कमीत कमी इजा व्हावी आणि त्याचे काम तपासता यावे, म्हणून ते परफ्यूजन यंत्रावर ठेवले जाते.’ यंत्र थंड पद्धतीचे असल्यास मधला ‘आणि त्याचे काम तपासता यावे’ हा भाग गाळावा, कारण त्या तापमानाला यकृत पित्त तयार करत नाही.