भरतीचा फॉर्म भरण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं, सावकाश वाचलं. फौजेच्या भरतीसाठी वर्षभर पहाटे उठून धावतोयस, कागदपत्रं तयार आहेत, आणि नेमका आत्ताच तरुण संघाच्या अभ्यासात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आला. ‘दुष्टाला अडवू नका’ हे वाक्य तुझ्या मनातून जाईना. ‘ख्रिस्ती माणसानं बंदूक हातात घ्यावी की नाही, हो किंवा नाही एवढंच कळवा,’ असं तू लिहिलंस. एवढंच कळवलं तर ते उत्तर माझं होईल, तुझं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुझ्याच वयाच्या एका मुलाविषयी. इ.स. 295, मार्च महिना, उत्तर आफ्रिका. ते गाव आज अल्जीरियात तेबेसा म्हणून आहे. रोमी सैन्यात भरती करण्यासाठी 21 वर्षांच्या माक्सिमिलियनला प्रांताधिकारी दियोन याच्यासमोर उभं केलं. आणणारा त्याचा बापच, कारण भरतीचं काम त्याच्याकडे होतं. उंची मोजून झाली. शिपाई झाल्याची खूण म्हणून गळ्यात शिशाचा शिक्का घालायची वेळ आली तेव्हा मुलानं नकार दिला: मी ख्रिस्ती आहे, मला सैनिक होता येणार नाही. दियोननं समजावून पाहिलं. सम्राटांच्या खास पथकांत ख्रिस्ती शिपाई आहेतच की, ते करतात ना चाकरी? मुलगा म्हणाला, त्यांच्यासाठी काय योग्य ते त्यांना ठाऊक. मी ख्रिस्ती आहे, मला वाईट करता येणार नाही. त्याच दिवशी त्याचा शिरच्छेद झाला. जाताना त्यानं बापाला सांगितलं, फौजेसाठी माझ्याकरता तयार ठेवलेले नवे कपडे या शिर उडवणाऱ्या शिपायाला द्या.

या हकिकतीत दोन्ही बाजू आहेत, हे लक्षात घे. नकार देणारा ख्रिस्ती आहे, आणि दियोन ज्यांचा दाखला देतो ते शिपाईही ख्रिस्तीच आहेत. म्हणजे तुझा प्रश्न तेव्हाही सुटलेला नव्हता. प्रभूला धरायला लोक आले आणि पेत्रानं तलवार उपसून त्यांच्यातल्या मल्खाचा कान तोडला तेव्हा प्रभूनं त्याला थांबवलं, आणि पेत्राची तलवार काढून घेताना प्रभूनं प्रत्येक शिपायाचा पट्टा सोडवला, असं तर्तुलियन या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती लेखकानं लिहिलं. पण बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले तेव्हा त्यानं त्यांना नोकरी सोडायला सांगितली नाही. कोणावर जुलूम करू नका, खोटा आरोप करू नका, पगारात तृप्त राहा, एवढंच सांगितलं. रोमी सैन्यातल्या शताधिपती कर्नेल्याचा बाप्तिस्मा झाला. त्यानं पुढे राजीनामा दिला असं प्रेषितांच्या कृत्यांत कुठे नाही. मी यातल्या एका बाजूची वचनं निवडून तुला पाठवू शकलो असतो. तसं करणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्यापासून जपून राहा.

रोमी सम्राट कॉन्स्टंटाइननंतर राज्यच ख्रिस्ती झालं आणि ‘न्याय्य युद्धा’चा विचार पुढे आला. त्याचा पाया बिशप ऑगस्टीननं घातला, तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसनं त्याच्या अटी मांडल्या: युद्ध पुकारणारी सत्ता अधिकृत हवी, कारण न्याय्य हवं, हेतू शुद्ध हवा. हे परवानापत्र आहे असं लोकांना वाटतं. मुळात तो लगाम होता. ऑगस्टीननं एका पत्रात लिहिलंय की, स्वतःचा जीव वाचवण्यासाठी खासगी माणसानं दुसऱ्याला मारावं हे मला पटत नाही. शिपाई किंवा अधिकारी इतरांच्या रक्षणासाठी शस्त्र उचलतो, त्याची गोष्ट त्यानं वेगळी मानली. कैसरियाचा बिशप बासिल यानं तर युद्धात माणूस मारून आलेल्या शिपायाला खुनी मानलं नाही, पण तीन वर्षं प्रभूभोजनापासून दूर राहावं असा सल्ला दिला. लढाई जिंकून आलेला शिपाईसुद्धा शोक करत परत येतो, ही त्यामागची समज. तिचा विसर पडला तेव्हा काय होतं ते 1099 साली यरुशलेमेत दिसलं. वधस्तंभाची खूण अंगावर घेऊन आलेल्या क्रुसेडच्या शिपायांनी तिथल्या मुसलमान आणि यहुदी रहिवाशांची कत्तल केली.

आता ज्या दोन माणसांविषयी मला मनापासून लिहायचंय, तिथे येतो. दोघे पाळक, दोघांचा काळ एकच आणि शत्रूही एकच: हिटलर.

फ्रान्समध्ये ल शाँबों-सुर-लिन्यों हे डोंगरपठारावरचं खेडं. तिथले पाळक आंद्रे त्रोकमे. जून 1940 मध्ये फ्रान्सनं शरणागती पत्करली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी उपासनेत सांगितलं की आपल्या विवेकावर होणाऱ्या जबरदस्तीला आत्म्याच्या शस्त्रांनी विरोध करणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे. पुढची चार वर्षं त्या पठारावरच्या घरांनी, गोठ्यांनी आणि शाळांनी हजारो निर्वासितांना आसरा दिला. त्यात यहुदी मुलं फार होती. ऑगस्ट 1942 मध्ये पोलीस यहुद्यांची यादी मागायला आले. त्रोकमेंनी दिली नाही. फेब्रुवारी 1943 मध्ये त्यांनाच अटक करायला दोन शिपाई घरी आले. पाळकबाई माग्दानं त्यांना जेवायला बसवलं. पुढे लोकांनी विचारलं, नवऱ्याला न्यायला आलेल्यांना जेवू कसं घातलंस? तिला या प्रश्नाचंच नवल वाटलं. जेवणाची वेळ झाली होती, एवढंच तिचं उत्तर. बातमी गावभर पसरली आणि लोक एकेक करून काहीबाही घेऊन आले. कुणाची मेणबत्ती, कुणाचा अडीअडचणीसाठी जपून ठेवलेला सार्डिन माशांचा डबा. छावणीतून सुटकेच्या वेळी त्रोकमेंना, शरणागतीनंतर फ्रान्सची सत्ता हाती असलेल्या मार्शल पेताँच्या आज्ञा पाळण्याच्या हमीवर सही करायला सांगितलं. सुटका समोर असूनही त्यांनी सही केली नाही.

ही माणसं एका रात्रीत अशी झाली नव्हती. ते ह्युगनो, म्हणजे फ्रान्समधले प्रोटेस्टंट. त्यांच्या वाडवडिलांनी राजाच्या छळात अशीच माणसं लपवली होती. त्रोकमे आणि त्यांचे सहकारी एदुआर तेस यांनी 1938 मध्येच तिथे शांततेचं शिक्षण देणारी शाळा काढली होती. फौजेत जायला तू वर्षभर तयारी करतोस ना? शस्त्र न उचलण्याची तयारी त्याहून लांबची असते. ती न करता स्वतःला शांतिवादी म्हणवणारा माणूस ऐन वेळी पळतो किंवा हात उगारतो. आणि किंमत चुकत नाही. आंद्रेंचा नातलग दानिएल त्रोकमे आपल्या विद्यार्थ्यांबरोबर पकडला गेला आणि 1944 मध्ये माइदानेकच्या छळछावणीत मेला.

दुसरे डीट्रिख बॉनहोफर, जर्मन. 1934 मध्ये डेन्मार्कमधल्या फान्यो बेटावर त्यांनी जगभरच्या मंडळ्यांना शांततेचं आवाहन केलं. अहिंसक प्रतिकार शिकायला ते गांधीजींकडे येणार होते; गांधीजींनी पत्र पाठवून बोलावलंही होतं, पण येणं झालं नाही. तोच माणूस पुढे हिटलरला ठार मारू पाहणाऱ्या कटात सामील झाला. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्गमध्ये त्यांना फाशी दिलं. वय 39. त्यांनी आपल्या कृतीला पवित्र म्हटलं नाही. दुसऱ्यांसाठी दोष अंगावर घ्यावा लागतो आणि मग देवाच्या कृपेवर भिस्त ठेवावी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला विचारशील तर मी त्रोकमेंच्या बाजूला उभा आहे. पण औशविट्झच्या छळछावणीचं फाटक जानेवारी 1945 मध्ये सोव्हिएत फौजेनं उघडलं, प्रार्थनासभेनं नव्हे, हे विसरून मला तसं म्हणता येत नाही. म्हणून बंदूक उचलणाऱ्या ख्रिस्ती माणसाला मी कमी लेखत नाही. तो बॉनहोफरसारखा मनात भार घेऊन जातो की यरुशलेमेच्या तटावर चढलेल्यांसारखा जयघोष करत, एवढंच मी पाहतो.

तुझ्या पत्राच्या शेवटी आणखी एक प्रश्न आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचीच जास्त काळजी वाटली. प्रार्थनासभेत कुणी गोंधळ घातला तर आपल्या पोरांनी काठ्या तयार ठेवाव्यात का, असं तू विचारतोस. नाही. इथे मी सरळ उत्तर देतो, कारण इथे ऑगस्टीनसुद्धा तुझ्या बाजूला नाही. जानेवारी 1999 मध्ये ओडिशात मनोहरपूरला कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जीपमध्ये जिवंत जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं. कायद्यानं आपलं काम करावं, त्याच्या आड त्या आल्या नाहीत. बारीपद्याचं कुष्ठरोग्यांचं कामही त्यांनी पुढे काही वर्षं चालू ठेवलं. तेव्हा गोंधळ झाला तर पोलिसांत तक्रार द्या, वकील गाठा, साक्ष द्यायला पुढे व्हा, म्हाताऱ्यांना आणि मुलांना आधी बाहेर काढा. काठ्या मात्र घरी राहू देत. ज्या पोरांनी त्या जमवल्या असतील त्यांच्याशी तूच बोल. माझ्यापेक्षा तुझं ऐकतील.

फॉर्म भरण्याआधी दोन गोष्टी कर. रोमकरांस पत्राचा बारावा आणि तेरावा अध्याय सलग वाच, मध्ये न थांबता. सूड घेऊ नका, शत्रू भुकेला असेल तर खायला दे, असं सांगणारा पौल लगेच पुढे तलवार धरणाऱ्या अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो. अध्यायांचे आकडे कित्येक शतकांनंतर आले. त्याच्या पत्रात तिथे खंड नव्हता. आणि आपल्या मंडळीतल्या निवृत्त सुभेदारांकडे एक संध्याकाळ जाऊन बस. त्यांना पदकांविषयी विचारू नकोस. गर्दीसमोर उभं राहायची वेळ आली तेव्हा हाताखालच्या पोरांना कसं आवरलं, कोणता हुकूम जड गेला, ते विचार. सांगतील ते शांतपणे ऐक.

बाबांना आत्ताच काही सांगू नकोस, आधी स्वतःचं मन नीट पाहा. फौजेत गेलास तरी मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन, नाही गेलास तरी करीन. भरतीची तारीख लागली की कळव. त्याआधी मुक्कामालाच ये, म्हणजे बारावा-तेरावा अध्याय सोबत वाचता येईल.

ख्रिस्तात तुझा,
काका