तबला माळ्यावर ठेवू का?

‘मॅडम, ह्यांच्या नजरेसमोरून तबला हलवू का?’ हा प्रश्न मला समुपदेशक म्हणून बऱ्याच घरांतून येतो, फक्त वाद्याचं नाव बदलतं. कुणाकडे पेटी असते, कुणाकडे व्हायोलिन, एका घरात ढोलकी होती. अपघातानंतर किंवा अर्धांगवायूनंतर वादक घरी आला की घरच्यांना धास्ती वाटते ती त्या वाद्याची. समोर दिसलं तर त्याला त्रास होईल, आणि लपवलं तर कायमचं सुटेल. आई, बायको, भाऊ यावर रात्र रात्र खल करतात. ज्याचं वाद्य आहे त्याला मात्र कुणी विचारलेलं नसतं.

अनघा आणि सुहास यांची हकिगत त्यासाठी सांगते. दोघांची परवानगी आहे. नावं बदलली आहेत, ओळख पटेल अशा खुणाही.

सुहास तबल्याचा साथीदार, चाळिशीच्या आतला. कीर्तनं, नाट्यसंगीताचे कार्यक्रम, गाण्याच्या क्लासला साथ आणि घरी काही मुलांच्या शिकवण्या. गणपती-नवरात्रात दिवसाला दोन-दोन बिदाग्या, पौषात हात रिकामे. पगार नाही, पगारी रजा नाही. रात्री कार्यक्रम आटोपून मोटारसायकलवरून येताना रस्त्याच्या कडेला विनादिव्याची उसाची ट्रॉली उभी होती. छातीच्या मणक्याला मार लागला. ऑपरेशन करून स्क्रू आणि रॉड घालून मणका सरळ केला, पण आतल्या मज्जारज्जूला झालेली इजा शस्त्रक्रियेने भरून निघत नाही. छातीच्या मध्यापासून खाली संवेदना नाही, हालचाल नाही, लघवी-संडासवर ताबा नाही.

हात पूर्ण शाबूत. भेटायला येणारा प्रत्येक जण हेच ऐकवून जायचा, ‘देवानं हात राखले बघ. तबला काय, बसूनच वाजवायचा असतो!’

इथे जरा थांबते, कारण हा गैरसमज फार घरांत पाहिलाय. बसणं हे पायांचं काम नाही. पोटाचे आणि पाठीचे स्नायू आपल्याला धरून ठेवतात म्हणून आपण मांडी घालून दोन्ही हात मोकळे सोडू शकतो. छातीच्या मध्यापासून खालचे स्नायू गेले की माणूस मांडी घालून बसवता येतो, पण एक तरी हात टेकल्याशिवाय त्याला तोल राहत नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर सुहासने हट्टाने तबला-डग्गा पलंगावर मागवला, भिंतीला टेकून बसला. उजव्या हाताने तबल्याच्या कडेवर, चाटेवर, ‘ना’ चोख वाजला. मग डग्ग्यावर घुमाऱ्यासाठी डाव्या मनगटाचा दाब दिला, आणि त्या दाबाबरोबर अख्खं शरीर डावीकडे गेलं. डग्ग्यासकट तो पलंगावर आडवा झाला. त्याला सरळ करताना अनघा काही बोलली नाही, तोही बोलला नाही. तो झोपल्यावर तिने जोडी गवसणीत घालून माळ्यावर टाकली.

पुढे कित्येक महिने घरात तबल्याचा शब्द निघाला नाही. अनघाला वाटलं, आपण त्याला वाचवलं. माझ्याकडे ती आली तेव्हा एकटीच आली होती आणि तिचा प्रश्न खरं तर, ‘मी बरोबर केलं ना?’ असा होता.

मी सुहासला घरी जाऊन भेटले. तबल्याचा विषय काढलाच नाही. विचारलं, ‘दिवसभरात तुम्ही काय काय ठरवता?’ तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. आंघोळ कधी, हे आई ठरवायची. कुणाला आत सोडायचं, हे बायको. टीव्हीवर काय लावायचं, हे मुलगा. फोन भावाकडे असायचा. म्हटलं, फोन का? तर म्हणाला, ‘आयोजकांचे येतात ना. दादा सांगतो, तो आता वाजवत नाही म्हणून.’ आणि मग एकदम आवाज चढला, ‘मला विचारलं का कुणी, मी वाजवतो की नाही?’

अनघा दारात उभी होती. अपघातानंतर त्याला असं चिडलेलं ती पहिल्यांदा बघत होती, त्यामुळे घाबरली. मला तो राग आशेचा वाटला. त्या घरातला एकही माणूस वाईट नव्हता, भाऊ तर नोकरीवरून सुटला की थेट इकडे यायचा. पण प्रेमापोटी सगळ्यांनी मिळून त्याच्या आयुष्याचा कारभार वाटून घेतला होता आणि त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं. म्हणून वाद्य लपवावं का या प्रश्नाला माझं उत्तर नेहमी एकच असतं, त्यांना विचारा. सरळ शब्दांत. ‘तबला कुठे ठेवू? इथे, आतल्या खोलीत, की वर?’ ‘नंतर सांगतो’ असं उत्तर आलं तरी ते त्यांचं उत्तर आहे.

पहिल्या दिवशी फोन परत मिळाला. मग भेटायला येणाऱ्यांची वेळ त्याने ठरवली, संध्याकाळी एक तास. नातेवाईक नाराज झाले, होऊ देत.

सगळ्यात अवघड होता लघवीच्या नळीचा विषय. दर चार ते सहा तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं, हे काम अनघा करत होती. रात्री दोन-दोन तासांनी कूस बदलणंही तिच्याकडेच, कारण एका जागी दाब राहिला की कातडी फुटून जखम होते आणि त्या माणसाला ती जाणवतही नाही. बायको चोवीस तास नर्स झाली की नवरा-बायको या नात्याला घरात जागाच राहत नाही. याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, शरीरसंबंधांबद्दल तर नाहीच, आणि डॉक्टरांना विचारायची दोघांनाही लाज वाटते. हात चांगले असलेला माणूस नळी स्वतः घालायला शिकू शकतो. सुहास पुनर्वसन विभागातल्या सिस्टरकडून शिकला. अनघा नंतर मला म्हणाली, ‘त्या दिवशी ते मला म्हणाले, आता बाहेर जा आणि दार लावून घे. बाहेर येऊन मी रडले, पण बरं वाटून.’

मरणाचे विचार येतात का, हेही मी त्याला स्पष्ट विचारलं. अशा विचारण्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, अशी घरच्यांना भीती असते. तसं होत नाही, उलट माणसाला मनातलं ओझं उतरवायला जागा मिळते. येत होते. झोपेच्या गोळ्या मोजून झाल्या होत्या. त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं, औषध सुरू झालं, गोळ्या अनघाच्या ताब्यात गेल्या. रात्रीअपरात्री घरात कुणाला असा प्रसंग आला तर 14416 हा ‘टेली मानस’चा सरकारी मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. अशा दुखापतीत झोप आणि भूक यांवरून नैराश्य ओळखता येत नाही. स्नायूंचे झटके, नसांची आग, कूस बदलणं यामुळे झोप तशीही मोडलेलीच असते. मुलाच्या विनोदावर तो हसतो का, कुणी आलं-गेलं याचं त्याला काही वाटतं का, रागावतो तरी का, हे पाहावं. दुःखात माणूस रडतो आणि मधेच चहा चांगला झालाय म्हणतो. नैराश्यात चहाची चवच लागत नाही.

प्रेरणादायी कथांचा त्याच्या फोनवर पाऊस पडत होता. सगळ्यात जास्त कुमार गंधर्वांची. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं, देवासला काही वर्षं गाणं बंद, आणि मग 1950 च्या दशकात पुन्हा मैफली. ‘कुमारजी ते कुमारजी,’ सुहास म्हणाला, ‘मी साथीदार. उद्या मी नाही गेलो तर दुसरा बसतो.’ मला त्याचं म्हणणं पटलं. अशा गोष्टी निरोगी माणसाला धीर देतात, पलंगावरच्या माणसाला त्या परीक्षेसारख्या वाटतात. म्हणून मी त्या सांगत नाही. त्याने स्वतःच एकदा विचारलं, ‘असं कुणाचं झालंय का, हात आहेत पण वाजवता येत नाही?’ तेव्हा रॉबर्ट वायट यांचं सांगितलं. इंग्लंडचे रॉक ड्रमर. 1973 मध्ये खिडकीतून पडले आणि कंबरेखाली लुळे झाले. हात होते, पण ड्रमसेटला पाय लागतात. त्यांनी ड्रमरची ती जागा सोडली, गाणं आणि कीबोर्ड धरले, आणि पुढच्याच वर्षी त्यांची नवी रेकॉर्ड आली. मैफली मात्र ते पुढे फारशा करत नव्हते. सुहासला यातलं शेवटचं वाक्य आवडलं. ‘म्हणजे सगळं परत नाही मिळालं त्यांना,’ तो म्हणाला. त्याला तेवढंच ऐकायचं होतं.

तबला त्याने स्वतःच मागितला. पावसाळाभर माळ्यावर राहून पुडी, म्हणजे वरचं कातडं, उतरली होती. सुरात आणायचा तर एरवी तो मांडीत धरून करायचा, आता मांडीला काही कळत नव्हतं. बारा वर्षांच्या मुलाने दोन्ही हातांनी तबला घट्ट धरला, हातोडी सुहासकडे. थोड्या वेळाने उलटं केलं, मुलगा ठोकणार आणि बाप ऐकणार. ‘गठ्ठ्यावर नको रे, गजऱ्यावर. वरून. हळू! पुडी फाडतोस का?’ गठ्ठे म्हणजे बाजूचे लाकडी ठोकळे, गजरा म्हणजे पुडीची विणलेली कड. मुलगा रुसून निघून गेला. अनघाने मला फोन करून सांगितलं, दोघं भांडले. तिच्या आवाजात आनंद होता.

मग वाजवायचं कसं? ऑक्युपेशनल थेरपिस्टने चाकाच्या खुर्चीत चांगली गादी, छातीला रुंद पट्टा आणि कोपराच्या जरा खाली येईल असं टेबल सुचवलं. पट्ट्यामुळे डग्ग्यावर दाब देता येऊ लागला. त्यावर सुहासने मोडता घातला. टेबलावर तबला म्हणजे ऑर्केस्ट्रावाल्यांसारखं! बैठक म्हणजे त्याच्या लेखी गुरूंनी दिलेली इज्जत होती. इथे मला समुपदेशक म्हणून शहाणपणा शिकवायचा मोह झाला नाही, कारण त्याचं दुःख खरं होतं. बैठक गेली होती, ती कुठल्याही टेबलाने परत येणार नव्हती. ते तसंच मान्य करून, रडून, शिव्या देऊन झाल्यावर काही आठवड्यांनी त्याने ओळखीच्या वेल्डिंगवाल्याला बोलावलं आणि स्वतः मापं दिली. तबला-डग्ग्याखालच्या चुंबळी बसतील अशा दोन कड्या, पुढे-मागे सरकणाऱ्या.

सगळ्यात आधी शिकवण्या पुन्हा सुरू झाल्या. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका आणि मध्यमा परीक्षांना बसणारी मुलं. हाताने दाखवायचं आणि तोंडाने पढंत, म्हणजे बोल म्हणून दाखवायचे, याला बैठक लागत नाही. कार्यक्रम अवघड. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर शरीर उचलून किंवा पुढे वाकून बुडाखालचा दाब काढावा लागतो, आणि संथ लयीत लांब चालणाऱ्या विलंबित ख्यालाच्या मध्यात साथीदार ठेका सोडणार कसा? म्हणून ख्यालाची साथ त्याने बाजूला ठेवली. नाट्यगीतांचे, अभंगांचे कार्यक्रम घेतले. पूर्वी निवेदकाचं लांबलं की तो वैतागायचा, आता दोन गाण्यांच्या मध्ये तो भरपूर बोलावा म्हणून विनंती करतो. एक गोष्ट तो आयोजकांना आधीच सांगून ठेवतो. कार्यक्रमात अचानक डोकं फुटल्यासारखं दुखून घाम फुटला तर तो घाबरल्यामुळे आलेला समजायचा नाही. छातीच्या वरच्या भागातल्या इजेत मूत्राशय भरल्यानेही रक्तदाब धोकादायक चढतो. ताठ बसवायचं, नळीने मूत्राशय रिकामं करायचं, रक्तदाब उतरला नाही तर लगेच दवाखाना.

पैशाबद्दल दोन शब्द, कारण रात्रीची झोप त्यानेही जाते. मोटार अपघात दाव्यात मिळकत दाखवावी लागते, आणि साथीदाराची मिळकत पाकिटातून येते. अनघाने जुन्या डायऱ्या, कार्यक्रमपत्रिका, यूपीआयचे मेसेज, आयोजकांची पत्रं असं सगळं गोळा करून वकिलाकडे दिलं. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलं. सुहास ‘दिव्यांग’ शब्दावर बरेच दिवस फणफणत होता, पण सही त्यानेच केली. अनघाही आता अर्धा दिवस नोकरीला जाते. तेवढा वेळ घरी आई असते, आणि दोघं एकमेकांशिवाय असतात, जे दोघांनाही हवं होतं.

मध्यंतरी एका मंडळाने फोन केला. कार्यक्रमात वाजवा आणि जिद्दी दिव्यांग कलावंत म्हणून सत्कारही घ्या, शाल-श्रीफळ देऊ. सुहासने विचारलं, ‘बिदागी किती?’ पलीकडचे गृहस्थ गडबडले, म्हणाले की हा सत्कारच आहे ना. त्याने अपघाताआधीचा आकडा सांगितला आणि वर गाडीखर्च, कारण आता खुर्चीसाठी मोठी गाडी करावी लागते. त्यांनी कळवतो म्हटलं आणि दुसरा तबलावादक बोलावला. मला हे सांगताना तो चिडलेला होता. मी विचारलं, ‘आकडा कमी करायला हवा होता का?’

‘नाही,’ तो म्हणाला. ‘वाढवायला हवा होता. चार वर्षांत सगळ्यांचे वाढलेत.’