पत्र्यावर तांबडे ठिपके कुठून आले?

प्रश्न : शिराळ्याजवळ माझं ट्रॅक्टर-ट्रॉली दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, तीस बाय वीस. मे महिन्यात पश्चिमेच्या बाजूला निळा कलर कोटेड पत्रा मारून घेतला. पहिल्या पावसात कापलेल्या कडा तांबूस झाल्या, आणि गोवर उठावा तसे अंगभर ठिपके आले. दुकानदार म्हणतो, माल चांगला होता. आता तीस फुटी दक्षिण बाजू घरीच मारणार आहे. कसं कापू, कसं बसवू?
— एक वाचक, ता. शिराळा

उत्तर : दुकानदार बहुधा खरं बोलतोय. पत्रा ग्राइंडरने कापलाय. हे इतक्या खात्रीने सांगतो कारण कुपवाडला माझ्या पहिल्या शेडला मीच तो उद्योग केला होता, तोही पत्र्यांच्या थप्पीवरच! ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण. तो रंगात रुततो आणि पाणी लागलं की गंजतो. कडेचं दुखणं वेगळं. चकतीच्या उष्णतेने रंग आणि त्याखालचं जस्त जळून जातं. कात्रीने कापलेल्या कडेला शेजारचं जस्त स्वतः झिजून सांभाळतं.

म्हणून पत्रा उंची मोजून मापाचाच मागवा. मग कापणं उरतं खिडकी-दरवाजापुरतं. त्याला पत्र्याची कात्री, नाहीतर ड्रिलला लावायचा निबलर, म्हणजे पत्रा कुरतडत कापणारं हत्यार. त्याचे चंद्रकोरीसारखे तुकडे चपलेतून पाय फाडतात, लगेच झाडून घ्या. ग्राइंडरशिवाय भागतच नसेल तर भिंतीपासून लांब कापा, बाकीच्या पत्र्यांवर ताडपत्री टाका. स्क्रू मारताना पडलेला किसही त्याच संध्याकाळी ब्रशने झटका. रात्रीचं दव पुरतं त्याला.

बसवताना सुरुवात पूर्वेच्या टोकाकडून, म्हणजे बाहेरून भिंतीकडे तोंड केलंत की उजव्या हाताला. तुमच्याकडे पाऊस चांदोलीच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून येतो. पुढचा पत्रा आधीच्यावर चढवत पश्चिमेकडे गेलात की जोडाचं तोंड वाऱ्याकडे पाठ करून राहतं. पहिल्या पत्र्याला ओळंबा लावा, त्यात घाई नको. तो दोन सूत कलला तर पुढचे सगळे त्याच्याच वळणावर जातात आणि खालची रेघ चढत जाते. माझ्या शेडची अजून तशीच आहे.

भिंतीला स्क्रू खोलगट भागात, पर्लिनला, म्हणजे पत्र्यामागच्या आडव्या लोखंडी पट्टीला, टेकलेल्या जागी. रबरी वॉशर कडेने जरासा फुगला की ड्रिल थांबवा. तो पिळवटून बाहेर आला, तर उन्हात चिरतो आणि पाणी आत.

खाली जोत्यापासून दोन बोटं मोकळी ठेवा, पत्रा ओल्या सिमेंटमध्ये पुरू नका. जस्त खाऊन टाकतं ते. उंदरांसाठी आतून जाळी ठोका.

जुन्या ठिपक्यांना सँडपेपर लावू नका, होता तो रंगही जाईल. साबणाच्या पाण्याने मऊ फडक्याने पुसा. रुतलेले राहतील तिथे, आणि जळक्या कडांना गंज काढून, झिंक प्रायमर आणि वरून रंग. कोरड्या दिवशीच.