तुमचे प्रश्न : मुलाच्या बाजूने कोर्टात कोण बोलणार?

प्रश्न : यजमान वारले. सासऱ्यांच्या नावच्या साडेबारा टक्क्यांच्या (सिडकोने संपादित जमिनीच्या मोबदल्यात दिलेल्या) भूखंडावरून थोरल्या दिरांनी ठाण्याला वाटपाचा दावा लावलाय. नऊ वर्षांचा मुलगा प्रतिवादी आहे. त्याच्यासाठी कोर्ट पालक नेमणार म्हणतात. मी आई असताना दुसरं कोणी कशाला? त्याने हिस्साच विकला तर? (घणसोली)

उत्तर : विकू शकत नाही. कोर्ट नेमतं तो वादपालक, म्हणजे दाव्यात मुलाची बाजू मांडणारा, फक्त या दाव्यापुरता असतो. मूल किंवा भूखंड त्याच्या ताब्यात जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 32 नुसार कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याला तडजोड करता येत नाही, मुलाच्या वतीने पैसेही घेता येत नाहीत.

नेमणूक बहुधा आईचीच होते. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागतं, की होणाऱ्या पालकाचं हित मुलाच्या हिताआड येत नाही. अडतं ते इथे. तुम्ही दिरांना हक्कसोडपत्र करून दिलं असेल किंवा मुलाच्या हिश्श्यावर तुमचाच दावा असेल, तर कोर्ट वकील किंवा कोर्टाचाच अधिकारी नेमू शकतं. त्याचा खर्च पक्षकारांवर किंवा मुलाच्या मालमत्तेवर पडू शकतो, तेव्हा हुकमातली ती ओळ वाचाच. वादी असलेले दीर पालक होऊ शकत नाहीत, आणि लेखी संमतीशिवाय कोणालाच नेमता येत नाही.

दाव्याच्या शीर्षकात सातबाऱ्यासारखं ‘अज्ञान, अ.पा.क. आई’ (अज्ञान म्हणजे सज्ञान न झालेलं मूल, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता) लिहिलं की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. तेवढ्याने भागत नाही. नेमणुकीचा हुकूम झाला का, ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारखेवार नोंदीत, पाहा. तो नसेल तर निकालाला पुढे आव्हान मिळू शकतं आणि सगळी वर्षं वाया जातात.

खरी घाई होते ती तडजोडीत. परवानगीच्या अर्जाला पालकाचं प्रतिज्ञापत्र हवं; वकील असेल तर ‘तडजोड अज्ञानाच्या हिताची आहे’ असा त्याचा दाखलाही हवा. परवानगीविना झालेली तडजोड मुलाला रद्द करून घेता येते, दिरांना मात्र नाही. पालक कामात कुचराई करत असेल तर त्याला बदलण्याचा अर्ज त्याच कोर्टात करा.

प्रश्न : घटस्फोटाच्या केसमध्ये अकरा वर्षांच्या मुलीला वेगळा वकील मिळेल का? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : मुलांच्या ताब्याच्या केसमध्ये तो आपोआप मिळत नाही. कौटुंबिक न्यायालयात हे काम मुख्यतः समुपदेशक करतात. गरज पडली तर न्यायाधीश मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेतात, मुलीशी चेंबरमध्ये बोलतात. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम 17 नुसार, समजत्या वयाच्या मुलाची पसंती विचारात घेता येते. मात्र ती शेवटचा शब्द नसते.

पढवून नेऊ नका. अकरा वर्षांची पोर ‘पप्पांनी आमचा मानसिक छळ केला’ म्हणाली, की वाक्य कोणाचं ते समुपदेशकाला लगेच कळतं. मग तिच्या खऱ्या तक्रारीकडेही संशयाने पाहिलं जातं. शाळेचे अहवाल, डॉक्टरांची फाइल स्वतः द्या.

तरीही वकील हवासा वाटला, तर तशी विनंती न्यायालयाला करा. मोफत विधी सहाय्यासाठी मुलांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा.