शंका-समाधान : दोलक, बर्फ आणि तानकाटा

प्रश्न : साध्या दोलकाच्या प्रयोगात आमच्या गटाला गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी दर वेळी १०.८ ते १०.९ मी/से² मिळतं. लांबी ६० सेंमीपासून १०० सेंमीपर्यंत बदलून पाहिली, तरी तेच. आम्ही २० आंदोलनं मोजतो. चुकतंय कुठे?

मोजण्यात. घड्याळ सुरू करताना तुमच्यातला कुणीतरी ‘एक’ म्हणतोय. मग ‘वीस’ म्हणेपर्यंत प्रत्यक्षात १९ च आंदोलनं झालेली असतात. १ मीटर लांबीच्या दोलकाचा दोलनकाल (एका आंदोलनाला, म्हणजे एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ) साधारण २.००७ सेकंद, म्हणजे १९ आंदोलनांना ३८.१ सेकंद. त्याला २० ने भागलं की दोलनकाल १.९०७ सेकंद येतो आणि त्यावरून गुरुत्व त्वरण १०.८६. लांबी बदलून ही चूक सापडणार नाही, कारण २०/१९ चा वर्ग म्हणजे १.१०८, आणि कोणत्याही लांबीला ९.८ ची याच पटीत वाढ होते.

खात्री करायची तर लांबी तीच ठेवून आधी १०, मग २०, मग ४० आंदोलनं मोजा. चूक हीच असेल तर उत्तरं अनुक्रमे १२.१, १०.८६ आणि १०.३ च्या आसपास येतील. उपाय सोपा : ‘तीन, दोन, एक, शून्य’ म्हणत ‘शून्य’ला घड्याळ दाबा. मोजणारा आणि घड्याळ दाबणारा एकच असावा. हाताला होणारा उशीर मग सुरुवातीला आणि शेवटी जवळपास सारखाच होतो आणि वजाबाकीत बराचसा निघून जातो. मोजणी गोळा मधल्या जागेवरून एकाच दिशेने जाताना करा. टोकाला तो इतका रेंगाळतो की नेमका कधी वळला ते डोळ्याला कळत नाही, मधे त्याचा वेग सर्वांत जास्त असतो.

ही चूक काढल्यावर उत्तर ९.७ वर अडकलं तर लांबी तपासा. ती दोरा जिथे टांगला तिथपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. २ सेंमी व्यासाच्या गोळ्याची त्रिज्या धरायची राहिली, तर १ मीटरला १ टक्का कमी उत्तर येतं. लांबी गोळा टांगून मोजा, दोरा थोडा ताणला जातो. दोरा सळईला नुसता गुंडाळू नका. झुलताना त्याचं टेकण सरकतं आणि लांबी बदलत राहते. बूच उभं चिरून त्याच्या दोन फाकांत दोरा घट्ट धरणं सर्वांत चांगलं.

गोळा फार लांब ओढून सोडला तर? ३० अंशांवरून सोडल्यास दोलनकाल १.७ टक्के वाढतो आणि उत्तर ९.५ च्या खाली घसरतं. १० अंशांना ही वाढ ०.२ टक्केच असते, तेव्हा त्याच्या आतच राहा. गोळा ढकलू नका, नुसता सोडा. लंबगोल फिरू लागला तर थांबवून पुन्हा सुरू करा.

प्रश्न : वितळणाऱ्या बर्फात तापमापी ० ऐवजी २ अंश दाखवतो. तापमापी बिघडलाय का?

आधी बर्फावर संशय घ्या. मोठ्या खड्यांच्या मधे पोकळ्या राहतात. तापमापीचा खालचा फुगा त्यांतल्या हवेत किंवा तळाशी साचलेल्या कोमट पाण्यात असतो. बर्फ बारीक फोडा, खडे ओले होतील इतकंच गार पाणी घाला, फुगा तळाला न टेकवता मधोमध ठेवा आणि ढवळत राहा. एवढं करूनही २ च दिसलं तर दोष तापमापीत आहे. तो टाकू नका. शून्याजवळच्या वाचनांतून २ वजा करा. तोच फरक १०० अंशांजवळही असेल असं मात्र धरू नका.

पाणी ९८ अंशांना उकळलं तर तो बहुधा तापमापीचा दोष नसतो. हवेचा दाब कमी असला की उत्कलनबिंदू खाली येतो. दर ३०० मीटर उंचीला सुमारे १ अंश.

बर्फ वितळताना आकडा हलत नाही म्हणून मुलं ज्योत मोठी करतात, तसं करू नका. १०० ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ३३,४०० ज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत १०० ग्रॅम पाणी ८० अंशांनी तापलं असतं. वेळ लागणारच.

प्रश्न : तानकाट्यावर (स्प्रिंगच्या काट्यावर) ग्रॅम लिहिलेले असतात. मग तो वस्तुमान मोजतो की वजन?

वजन. स्प्रिंगला फक्त ओढ कळते. १०० ग्रॅमची ओढ इथे ०.९८ न्यूटन, म्हणून बनवणाऱ्याने तिथे १०० लिहिलं. चंद्रावर तोच काटा सुमारे १७ दाखवेल. दोन पारड्यांच्या तराजूत मात्र १०० ग्रॅमला १०० ग्रॅमचंच माप लागेल, कारण दोन्ही पारडी सारख्याच प्रमाणात हलकी होतात. काटा उभा धरा आणि वस्तू अडकवण्याआधी तो शून्यावर आहे ना ते बघा; तिरका धरला की दांडा कडेला घासतो आणि वाचन चुकतं.