जुन्या बुटांवर हाताने काढलेलं डिझाइन लगेच का तडकतं?

दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो, खालच्या पृष्ठभागाचा असतो. चामड्याच्या बुटांवर कारखान्यातला चकचकीत थर असतो. खिडकी उघडी ठेवून, कापसावर थोडं अ‍ॅसिटोन घेऊन तो पुसा. चमक गेली की झालं. मग चामड्यासाठीचाच अ‍ॅक्रिलिक रंग, अगदी पातळ तीन-चार हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. एका जाड हातात उरकायचा मोह मलाही झाला होता, आठवड्यात बूट बोटांपाशी दुमडतो तिथेच पापुद्रे निघाले! रंगवताना आत कागदाचे बोळे ठासून भरा, म्हणजे सुरकुत्या ताणल्या जातात. शेवटी फिनिशर, म्हणजे रंगावरचा संरक्षक थर. कॅनव्हासला अ‍ॅसिटोन नको. धुवून वाळवा, रंगात फॅब्रिक मीडियम (रंग कापडावर लवचिक ठेवणारं द्रावण) मिसळा. रेक्झिन सोलून निघत असेल तर मात्र नाद सोडा.